ईबी-५ गुंतवणूकदार व्हिसा: प्रकल्पाच्या आधी पैशाचे कागद

जून २०२४ मध्ये आम्ही अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन सेवा विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, ईबी-५ चा, म्हणजे अमेरिकेत पैसे गुंतवून ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा हक्क) मिळवण्याचा, अर्ज पाठवला. त्या गठ्ठ्यात आम्ही पैसे गुंतवले याचा पुरावा बारा-पंधरा पानांत संपला होता आणि ते पैसे आमच्याकडे आले कुठून हे सांगणारे कागद सहाशे पानांच्या वर गेले होते. हे प्रमाण मला आधी कोणी सांगितले असते तर आमचे जवळजवळ दीड वर्ष वाचले असते, कारण बहुतेकांप्रमाणे आम्हीही सुरुवात उलट्या टोकाने केली होती. प्रकल्पांची चकचकीत माहितीपत्रके वाचण्यात महिने घालवले आणि सातबाऱ्यावरचे नाव व पासपोर्टवरचे नाव जुळत नाही हे शेवटी लक्षात आले.

मी एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करते. ईबी-२ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गात भारतीयांची रांग २०२४ मध्येही २०१२ सालच्या अर्जांवर अडकलेली होती आणि आमची मुलगी सतरा वर्षांची झाली होती. एकवीस पूर्ण झाल्यावर ती आमच्या अर्जातून बाहेर पडली असती. या एका कारणासाठी आम्ही आयुष्यभराची शिल्लक आणि बाबांनी विकलेली साताऱ्याकडची जमीन पणाला लावली. हा लेख त्याच परिस्थितीतल्या मराठी कुटुंबांसाठी आहे: अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांसाठी, आणि महाराष्ट्रात राहून मुलांना पैसे पाठवणार असलेल्या त्यांच्या आईवडिलांसाठीही. हा कायदेशीर सल्ला नव्हे. वकील आणि सनदी लेखापाल यांना पर्याय नाही, पण त्यांच्यासमोर बसण्याआधी काय विचारायचे हे यातून कळावे.

१. आपले दार कोणते ते आधी ठरवा

ईबी-५ हा वर्ग १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने निर्माण झाला. मार्च २०२२ मध्ये ईबी-५ सुधारणा व सचोटी कायदा आला आणि आज लागू असलेले बहुतेक नियम त्याच कायद्यातले आहेत. किमान गुंतवणूक साडेदहा लाख डॉलर आहे. प्रकल्प ग्रामीण भागात, जास्त बेरोजगारीच्या भागात किंवा सरकारी पायाभूत सुविधांचा असेल तर ती आठ लाख डॉलर होते. प्रत्येक गुंतवणूकदारामागे अमेरिकेत किमान दहा पूर्णवेळ रोजगार निर्माण व्हावे लागतात. मान्यताप्राप्त रीजनल सेंटरमार्फत, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून प्रकल्पात गुंतवणाऱ्या संस्थेमार्फत, गुंतवणूक केल्यास या दहांपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत रोजगार अप्रत्यक्ष मोजता येतात, आणि म्हणूनच नोकरदार माणूस स्वतः धंदा न चालवताही या मार्गाने जाऊ शकतो.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. ई-२ हा गुंतवणूकदार व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, कारण भारताचा अमेरिकेशी तसा करार नाही. ग्रेनाडाचे नागरिकत्व विकत घेऊन ई-२ मिळवून देतो असे सांगणारे दलाल अजूनही भेटतात. मात्र डिसेंबर २०२२ च्या कायद्यानंतर, पैसे भरून असे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीला त्या देशात किमान तीन वर्षे सलग वास्तव्य दाखवावे लागते, शिवाय दुसरे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. ज्यांचा पुण्यात किंवा इचलकरंजीत चालता व्यवसाय आहे आणि ज्यांना अमेरिकेत त्याची शाखा उघडायची आहे, त्यांनी एल-१ए चा, म्हणजे कंपनीच्या व्यवस्थापकाला तिथल्या शाखेत पाठवण्याच्या व्हिसाचा, विचार आधी करावा. त्यात किमान गुंतवणुकीची ठरलेली रक्कम नाही, पण मूळ व्यवसाय भारतात खरोखर चालू ठेवावा लागतो आणि नव्या शाखेला पहिली परवानगी एका वर्षाचीच मिळते. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने आलेल्या ‘गोल्ड कार्ड’मधले दहा लाख डॉलर ही सरकारला दिलेली देणगी आहे. ती परत येत नाही, आणि ते कार्ड ईबी-१ व ईबी-२ याच वर्गांतून दिले जात असल्याने भारतीयांची जुनी रांग तिथेही समोर उभी राहते.

२. पैशाचा माग कागदावर उभा करा

कायद्याला फक्त पैसे कायदेशीर असून पुरत नाहीत. पहिला रुपया कमावल्यापासून तो प्रकल्पाच्या खात्यात डॉलर होऊन पोहोचेपर्यंतची साखळी कुठेही न तुटता दाखवावी लागते. मागच्या सात वर्षांची कर विवरणपत्रे लागतात. पैसे कोणी भेट म्हणून दिले असतील तर देणाऱ्याचीही हीच तपासणी होते. एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: आठ लाखांच्या वर प्रकल्पाला जे प्रशासन शुल्क भरावे लागते, त्या पैशांचाही स्रोत याच पद्धतीने सिद्ध करावा लागतो.

आमच्या आठ लाखांपैकी तीन लाख चाळीस हजार डॉलर आमची अमेरिकेतली बचत आणि नोकरीत मिळालेले शेअर विकून आले. तो भाग सोपा होता: पगारपत्रके, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार व कापलेला कर दाखवणारा अमेरिकी फॉर्म), ब्रोकरेज खात्याचे उतारे. उरलेले चार लाख साठ हजार बाबांनी जमीन विकून भेट दिले आणि खरी कसोटी तिथे लागली.

जमिनीसाठी आम्ही जमवलेले कागद असे होते:

- विक्रीच्या आधीचा आणि नंतरचा सातबारा, आठ-अ चा उतारा
- आजोबांच्या नावापासून बाबांच्या नावापर्यंतचे सर्व फेरफार, त्यात वारस नोंदीचा फेरफार
- आजोबांचा मृत्यू दाखला
- काकांचे आणि आत्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र
- नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात तो
- खरेदीदाराकडून आलेली प्रत्येक रक्कम दाखवणारा बँकेचा उतारा
- बाबांची सात वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि सनदी लेखापालाचे पत्र

यादी वाचायला सरळ वाटते, पण प्रत्येक ओळीत एकेक खाच आहे.

नावांपासून सुरुवात करते. जुन्या फेरफारात बाबांचे नाव बोलीतले आहे, आधारवर पूर्ण नाव आहे, पासपोर्टवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे आहे आणि बँकेत मधले नाव आद्याक्षराने आहे. गावच्या तलाठ्याला ही चारही नावे एकाच माणसाची आहेत हे ठाऊक असते, पण वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याला ती चार वेगळी माणसे वाटू शकतात. आम्हाला पुढे पुराव्यांची मागणी करणारी जी नोटीस आली, तिचा अर्धा भाग याच मुद्द्यावर होता. ‘ही सर्व नावे माझीच आहेत’ असे प्रतिज्ञापत्र बाबांनी करून दिले, त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि जुने रेशनकार्ड जोडले, आणि काकांचे वेगळे प्रतिज्ञापत्र दिले. हे सगळे आधी करता येण्यासारखे होते.

दुसरी खाच आत्यांच्या हक्काची. बहिणींनी तोंडी ‘आम्हाला काही नको’ म्हटले आहे म्हणून हक्कसोड झाली असे आपल्याकडे सर्रास धरले जाते. हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल आणि त्यानुसार फेरफार झालेला नसेल तर विक्रीच्या पैशातला आत्याचा वाटा आत्याचाच ठरतो, आणि मग तिलाही देणगीदार म्हणून तिच्या सात वर्षांच्या कागदांसह उभे करावे लागते. माझ्या मते हा प्रश्न नात्याच्या दृष्टीनेही आधी स्वच्छ करून घ्यावा. ज्या बहिणीला तिचा वाटा हवा आहे तिला तो द्यावा आणि उरलेल्या रकमेवर हिशेब मांडावा.

तिसरी खाच करांच्या विवरणपत्रात दडलेली असते. शहराच्या हद्दीपासून ठराविक अंतरापलीकडची ग्रामीण शेतजमीन प्राप्तिकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता मानली जात नाही. हे अंतर त्या शहराच्या लोकसंख्येनुसार दोन, सहा किंवा आठ किलोमीटर असते. अशा जमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ही चांगली गोष्ट आहे. अडचण अशी की कर नाही म्हणून अनेकजण ती विक्री विवरणपत्रात कुठेच दाखवत नाहीत, आणि मग अमेरिकेतला अधिकारी साहजिकच विचारतो की तुमच्या खात्यात कोट्यवधी रुपये आले, ते तुमच्या विवरणपत्रात का नाहीत. करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात ती रक्कम दाखवा, आणि जमीन ग्रामीण का ठरते हे अंतरासह स्पष्ट करणारे लेखापालाचे पत्र घ्या.

चौथी गोष्ट मी सर्वांत जास्त कळकळीने सांगते. जमिनीला गिऱ्हाइके आली तेव्हा त्यांतल्या दोघांनी खरेदीखतावर कमी किंमत आणि ‘बाकीचे वरचे’ असा प्रस्ताव ठेवला. आपल्याकडे तो इतका रुळलेला आहे की बाबांना त्यात काही वावगे वाटले नाही. पण वरची रक्कम बँकेतून येत नाही, त्यामुळे ईबी-५ साठी ती अस्तित्वातच नसते, आणि ती नंतर खात्यात भरायचा प्रयत्न केला तर उरलेल्या स्वच्छ पैशावरही संशयाची सावली पडते. आम्ही सहा महिने थांबून पूर्ण रक्कम बँकेतून देणारा खरेदीदार शोधला. त्याने किंमत थोडी कमी दिली. तरीही तो व्यवहार आम्हाला परवडला, कारण दाखवता न येणाऱ्या पैशांनी आमच्या मुलीचा अर्ज पुढे सरकला नसता.

भाषांतराविषयी: मराठीतल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यासोबत, मला दोन्ही भाषा येतात व हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, असे भाषांतरकाराचे सहीचे निवेदन लागते. पुण्यातल्या ज्या भाषांतर केंद्रात आम्ही प्रथम गेलो तिथे फेरफाराचा ‘शेरा’ रकाना अनावश्यक म्हणून वगळला गेला होता. वारसा कसा आला हे नेमके त्याच रकान्यात लिहिलेले होते. भाषांतर हातात आले की मूळ कागदाशेजारी ठेवून ओळ न ओळ स्वतः तपासा. हेक्टर-आर, गट क्रमांक, मोडी लिपीतली एखादी जुनी नोंद, शिक्क्यावरचा मजकूर, काहीही सोडू नका.

जमिनीऐवजी फ्लॅट विकत असाल आणि विकणारा अनिवासी असेल, तर खरेदीदार निवासी विक्रेत्यासारखा एक टक्का कर कापून मोकळा होऊ शकत नाही. अनिवासी विक्रेत्यासाठी कपातीचा दर बराच जास्त असतो, आणि प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी घेतले नाही तर मोठी रक्कम परताव्यापर्यंत अडकून पडते. हे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून इसार घेण्याआधीच अर्ज करावा.

३. भारतातून पैसे बाहेर काढण्याचे वेळापत्रक आखा

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार, जिला बँकेत सगळे एलआरएस म्हणतात, निवासी भारतीय व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते. मर्यादा व्यक्तीमागे असते आणि १ एप्रिलला नव्याने सुरू होते. बाबांनी दोन लाख तीस हजार डॉलर मार्च २०२४ मध्ये आणि तितकेच एप्रिल २०२४ मध्ये पाठवले. दोन आर्थिक वर्षे वापरली गेली, पण प्रत्यक्षात अंतर तीन आठवड्यांचे होते. ज्यांना ऑगस्टमध्ये हे सुचते त्यांना पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावे लागते किंवा घरातल्या आणखी कोणाची मर्यादा वापरावी लागते. मर्यादा वापरण्यासाठी पैसे आधी त्या व्यक्तीकडे देणे म्हणजे साखळीत आणखी एक कडी आणि आणखी एका माणसाचे कागद आले, हेही लक्षात घ्या.

यावरचा टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने गोळा केलेला कर, अनेकांचा हिशेब मोडतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून, शिक्षण व वैद्यकीय कारण वगळता, सात लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर वीस टक्के दराने तो घेतला जाऊ लागला. १ एप्रिल २०२५ पासून ही सात लाखांची सीमा दहा लाख झाली. आमच्या वेळी डॉलर त्र्याऐंशी रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दोन लाख तीस हजार डॉलरचे सुमारे १ कोटी ९१ लाख रुपये झाले आणि त्यावर सुमारे ३७ लाख रुपये टीसीएस द्यावा लागला. असे दोनदा. हा कर बाबांच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोपर्यंत ७४ लाख रुपये हाताशी नसतात. जमिनीच्या रकमेत ही तरतूद धरली नसेल तर शेवटच्या आठवड्यात नातेवाइकांकडे उसने मागण्याची वेळ येते, आणि ते उसने पैसेही पुन्हा स्रोताच्या प्रश्नात येतात.

बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ अर्ज भरताना उद्देशाचा रकाना स्वतः वाचा. आमच्या शाखेतल्या कर्मचाऱ्याने सवयीने ‘नातेवाइकांचा निर्वाह’ हा उद्देश निवडला होता, तर आमचे भेटपत्र आणि वकिलाचे निवेदन ‘भेट’ असे सांगत होते. बाबांनी सही करण्याआधी पाहिले म्हणून ते दुरुस्त झाले. ए-२ ची प्रत, स्विफ्ट संदेशाची प्रत आणि बँकेचे सूचनापत्र त्याच दिवशी मागून घ्या. सहा महिन्यांनी ते मिळवायला शाखेत चार खेपा घालाव्या लागतात.

ज्यांना स्वतः भारतात राहून थेट प्रकल्पात पैसे गुंतवायचे आहेत त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. परदेशी असूचीबद्ध संस्थेत हिस्सा घेणे हे २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांच्या कक्षेत येते आणि भेट पाठवण्यापेक्षा त्याची छाननी कडक असते. भांडवली स्वरूपाचे पैसे बाहेर पाठवण्यासाठी निवासी व्यक्तीला बँकेकडून कर्जही मिळत नाही. प्रकल्पाशी करार करण्याआधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

इमिग्रेशनची स्थिती बदलली की पैसे हलवण्याचे नियमही बदलतात. नोकरी-व्यवसायासाठी देश सोडलेली व्यक्ती परकीय चलन कायद्याने अनिवासी ठरते, तिला एलआरएस उरत नाही, तिची साधी बचत खाती एनआरओ (अनिवासींच्या रुपयांतल्या) खात्यात बदलावी लागतात आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरल्याच्या पुराव्यासह बाहेर नेता येते. अमेरिकेत दहा वर्षे काढूनही गावच्या बँकेत निवासी म्हणूनच खाते चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. अर्जाच्या कागदांत हा विसंगतपणा उघडा पडतो.

४. प्रकल्प निवडताना परताव्याकडे शेवटी पाहा

ईबी-५ च्या वार्षिक व्हिसांपैकी वीस टक्के ग्रामीण, दहा टक्के जास्त बेरोजगारीच्या आणि दोन टक्के पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांसाठी राखीव आहेत. भारतीयांसाठी हे आरक्षण निर्णायक आहे, कारण अनारक्षित वर्गात भारतीयांची रांग लागलेली आहे आणि आम्ही अर्ज केला तेव्हा राखीव वर्गांत ती नव्हती. ग्रामीण प्रकल्पांच्या अर्जांना तपासणीत प्राधान्य देण्याची तरतूदही कायद्यात आहे. परराष्ट्र खात्याचे व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघते. दलालाच्या शब्दावर न राहता ते स्वतः वाचा, कारण राखीव वर्गांतही मागणी वाढली की तारखा लागू शकतात.

यानंतर प्रकल्पाला हे प्रश्न विचारा. प्रकल्पाच्या मंजुरीचा आय-९५६एफ अर्ज दाखल झाला आहे का, आणि मंजूर झाला आहे का? तो दाखल झाल्याशिवाय तुमचा आय-५२६ई, म्हणजे गुंतवणूकदाराचा मूळ अर्ज, करता येत नाही, आणि मंजूर असेल तर एक मोठी अनिश्चितता कमी होते. एकूण भांडवलात ईबी-५ चा वाटा किती, आणि ईबी-५ चे पैसे कमी आले तरी बांधकाम पूर्ण होईल का? आमच्या आधी कोणाचे कर्ज फेडले जाणार? आतापर्यंत किती रोजगार निर्माण झाले आणि गुंतवणूकदारांच्या गरजेपेक्षा किती जास्त आहेत? पैसे परत कधी, आणि ते लांबले तर दुसरीकडे गुंतवण्याचा अधिकार कोणाला?

मुंबईतल्या एका हॉटेलातल्या माहिती-बैठकीत आम्हाला पाच वर्षांनी मुद्दल परत करण्याची लेखी हमी देऊ करण्यात आली होती. ऐकायला दिलासा वाटला. पण कायद्याप्रमाणे गुंतवणूक खऱ्या अर्थाने जोखमीत असावी लागते, आणि मुद्दल परत देण्याचे वचन करारात असेल तर त्याच कारणाने अर्ज नामंजूर होऊ शकतो. म्हणजे ज्या हमीमुळे माणूस भुलतो तीच त्याचा व्हिसा घालवते. प्रकल्प विकणाऱ्या मध्यस्थांनी यूएससीआयएसकडे नोंदणी करणे आणि त्यांना मिळणारे कमिशन गुंतवणूकदाराला लेखी कळवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. ते कागद मागितल्यावर समोरचा विषय बदलत असेल तर तिथून उठावे.

फसवणूक हा काल्पनिक धोका नाही. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक स्की रिसॉर्टच्या प्रकल्पांत अनेक देशांतल्या गुंतवणूकदारांचे पैसे होते. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने त्याच्या चालकांवर निधीच्या गैरवापराबद्दल खटला भरला, आणि पुढे फौजदारी खटल्यात त्यांना तुरुंगवासही झाला. तिथल्या अनेक कुटुंबांचे पैसे तर गेलेच, पण रोजगार निर्माण न झाल्याने त्यांची ग्रीन कार्डेही टांगणीला लागली. २०२२ च्या कायद्याने निधीवर स्वतंत्र प्रशासक किंवा वार्षिक लेखापरीक्षण आवश्यक केले, त्यामागे अशाच प्रकरणांचा अनुभव आहे.

५. वकील तुमचाच असावा

प्रकल्पाने सुचवलेला वकील स्वस्त पडतो आणि कागदही लवकर हलतात. आम्ही प्रथम तसाच एक नेमला होता. करारातल्या परतफेडीच्या कलमाबद्दल मी प्रश्न विचारला तेव्हा, प्रकल्पाच्या कागदांवर आपण मत देऊ शकत नाही, असे उत्तर आले, कारण प्रकल्पाचेही काम तेच कार्यालय करत होते. वकील बदलण्यात तीन महिने आणि पहिल्या फीचा मोठा भाग गेला. इमिग्रेशनसाठी स्वतंत्र वकील घ्या, करारासाठी रोखे कायदा जाणणारा दुसरा घ्या, आणि भारताच्या बाजूला शेतजमिनीचे व परकीय चलनाचे व्यवहार नेहमी पाहणारा लेखापाल घ्या. तिघांना एकमेकांशी बोलायला लावणे हे काम मात्र तुम्हालाच करावे लागते.

६. अर्ज, मुलांचे वय आणि नोकरी

जे अमेरिकेत वैध व्हिसावर आहेत आणि ज्यांच्या वर्गात रांग नाही, त्यांना आय-५२६ई सोबतच आय-४८५ हा स्थिती बदलण्याचा अर्ज करता येतो. त्यामुळे काम करण्याचा परवाना आणि प्रवासाची परवानगी मूळ निकालाच्या आधीच मिळू शकते. तो परवाना हातात आला त्या दिवशी, नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडावा लागेल, ही बारा वर्षांची धास्ती माझ्या मनातून उतरली. तरीही निकाल लागेपर्यंत शक्य असेल तर एच-१बी चालू ठेवा, कारण ईबी-५ नामंजूर झाला तर त्यावर उभे राहिलेले परवानेही जातात. पर्यटक व्हिसावर याच हेतूने येऊन अर्ज करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. प्रवेशाच्या वेळी हेतू लपवल्याचा ठपका कायमचा नडू शकतो.

पती किंवा पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले एकाच गुंतवणुकीत येतात. मुलांचे वय मोजताना, व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशीच्या वयातून आय-५२६ई प्रलंबित असलेला काळ वजा केला जातो. रांग नसलेल्या वर्गात हे संरक्षण चांगले चालते. अर्ज मंजूर झाल्यानंतर रांगेत काढलेला काळ मात्र वजा होत नाही. मूल अठरा-एकोणीसचे असेल तर वकिलाकडून हा हिशेब तारखांसह लेखी घ्या.

तीन तारखा भिंतीवर लावून ठेवण्यासारख्या आहेत. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या रीजनल सेंटरच्या अर्जांना, कार्यक्रम पुढे बंद पडला तरी, निकाल मिळण्याचे संरक्षण कायद्यात आहे. १ जानेवारी २०२७ पासून किमान गुंतवणुकीची रक्कम महागाईनुसार वाढवण्याची तरतूद आहे. आणि कार्यक्रमाची मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. २०२१ च्या जूनअखेर अशीच मुदत संपली तेव्हा पुढचे आठ महिने रीजनल सेंटरचे अर्ज ठप्प झाले होते. या तारखांच्या घाईत अर्धवट कागदांचा अर्ज करू नये. सरकारी फीही मधल्या काळात बदलत आली आहे, म्हणून अर्ज पाठवण्याच्या आठवड्यात ती पुन्हा तपासा.

७. मंजुरीनंतर

पहिले ग्रीन कार्ड सशर्त असते आणि दोन वर्षांचे असते. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत आय-८२९ अर्ज करून रोजगार निर्माण झाले आणि गुंतवणूक टिकली हे सिद्ध करावे लागते. त्याची पोचपावती सशर्त कार्डाची मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांनी वाढवते. आमचा हा टप्पा अजून यायचा आहे. त्यासाठी प्रकल्पाचे तिमाही अहवाल आम्ही आतापासून एका जागी ठेवतो, कारण कंपनी पुढे विकली गेली तर ते पुन्हा मिळवणे कठीण जाते.

करांचे भान मात्र ग्रीन कार्डाच्याही आधी यायला हवे. अमेरिकेत करनिवासी असलेल्या व्यक्तीला परदेशी व्यक्तींकडून वर्षात एक लाख डॉलरहून अधिक भेट मिळाली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्या भेटीवर घेणाऱ्याला कर नसतो, पण फॉर्म वेळेत न भरल्यास दंड भेटीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बाबांच्या दोन्ही रकमा २०२४ या एकाच कॅलेंडर वर्षात आल्या होत्या, म्हणून आम्हाला तो एकदाच भरावा लागला. भारतातल्या सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली असेल तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरणे आवश्यक आहे. भारतीय म्युच्युअल फंडांना अमेरिकेचा कायदा फार कठोर कर लावतो, ते शक्य तर ग्रीन कार्ड येण्याआधी लेखापालाला विचारून मोकळे करा. आणि ज्यांचा महाराष्ट्रात कारखाना किंवा खासगी कंपनीतला मोठा हिस्सा आहे त्यांनी लक्षात ठेवावे की ग्रीन कार्ड मिळाल्यापासून त्यांचे जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या करकक्षेत येते, परदेशी कंपनीची वेगळी माहितीपत्रे भरावी लागतात, आणि वर्षातले बहुतेक महिने कारखान्यावर राहून कार्ड टिकवता येत नाही. सहा महिन्यांहून लांब मुक्काम झाला की परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात आणि एक वर्षाहून अधिक बाहेर राहायचे असेल तर जाण्याआधीच पुनर्प्रवेश परवाना घ्यावा लागतो.

पहिले काम म्हणून या आठवड्यात गावच्या जमिनीचा सातबारा आणि वारस नोंदीचा फेरफार महाभूमी संकेतस्थळावरून काढा, आणि त्यावरचे नाव वडिलांच्या पासपोर्टशेजारी ठेवून वाचा.